सर्क्युलर पोलरायझर: काळ्या गाड्या आणि निळा सातपुडा

गाडीच्या बॉनेटवर पसरलेलं आभाळ नंतर कॉम्प्युटरवर काढता येत नाही. उजेड वाढवता येतो, सावली उघडता येते, रंग गडद करता येतो. पण चमकेखाली जिथे रंगच झाकला गेलाय, तिथे कॅमेऱ्याने तो टिपलेलाच नसतो, मग आणणार कुठून? म्हणून कुणी मला विचारलं की फिल्टर कोणता घ्यावा, तर मी एकच सांगते: सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायची, रिंगेत फिरवता येणारी काच, जिला सगळे सीपीएल म्हणतात. माझा ६७ मिलिमीटरचा, पातळ रिंगचा, मल्टिकोटेड आहे. फैजपूरपासून धुळ्यापर्यंत, तोरणमाळला आणि पाटणादेवीला तो माझ्याबरोबर फिरला आहे. त्याच्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण आपल्याकडची धूळ, आपलं ऊन आणि आपला डोंगर कुठल्या दिशेला आहे, या सगळ्याने या काचेच्या कामात फरक पडतो.

मी शाळेत विज्ञान शिकवते. फोटो काढणं हा छंद. कॅमेरा निकॉनचा डी५६००, लेन्स त्याच्यासोबत आलेली १८-१४० मिलिमीटरची झूम. निसर्गाचे फोटो आधीपासून काढायचे. गाड्यांकडे वळले ती मामेभावामुळे. त्याचा धुळ्यात जुन्या गाड्या घेण्या-विकण्याचा धंदा आहे. आता गिऱ्हाईक आधी मोबाइलवर फोटो बघतं आणि मग फोन करतं, त्यामुळे त्याला फोटो चांगले हवे असतात. आणि खानदेशात काळ्या, गडद निळ्या गाड्या घेणारे लोक कमी नाहीत. काळ्या गाडीचा भर दिवसा फोटो काढून बघा: गाडी कमी आणि समोरची भिंत, विजेच्या तारा, फोटो काढणाऱ्याचा पांढरा शर्ट जास्त दिसतो.

हा फिल्टर काय करतो ते आधी थोडक्यात, कारण ते कळलं की वापर आपोआप सुधारतो. १८०८ साली पॅरिसमध्ये एतिएन मालूस लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारा मावळतीचा उजेड एका स्फटिकातून पाहत होता. स्फटिक फिरवला की त्यात दिसणाऱ्या दोन प्रतिमांची तेजस्विता बदलत होती. काचेवरून तिरका परावर्तित झालेला प्रकाश एका ठरावीक प्रतलात कंप पावतो, हे त्यातून पुढे आलं. मग १८१५ मध्ये डेव्हिड ब्रूस्टरने कोनाचा नियम मांडला: काचेसाठी हा परिणाम सर्वांत जास्त असतो तो सुमारे ५६ अंशांना, पाण्यासाठी ५३ अंशांना. कोन मोजायचा तो पृष्ठभागाला काढलेल्या लंबापासून. सीपीएल म्हणजे अशी काच की जी एकाच दिशेची कंपनं आत सोडते. रिंग फिरवून आपण ती दिशा ठरवतो. चमकेची कंपनं त्या दिशेला बरोबर काटकोनात आली की ती अडतात आणि खालचा रंग पुढे येतो.

गाडीच्या बाबतीत एक गोष्ट फार कामाची आहे. हा नियम काचेला, पाण्याला, रंगावरच्या पारदर्शक लॅकरला लागू पडतो; उघड्या धातूला नाही. म्हणून दारं, बॉनेट, काचा यांच्यावरची चमक जाते आणि क्रोमची जाळी, क्रोमच्या पट्ट्या तशाच लखलखत राहतात. मला हे फार आवडतं. रंग शांत होतो, क्रोम जिवंत राहतो, आणि गाडीला आपोआप उठाव येतो.

गाडीचा फोटो साधारण पुढच्या कोपऱ्यातून तिरका काढतात, म्हणजे तोंडही दिसतं आणि एक बाजूही. अशा वेळी आपण दारांकडे जवळपास त्याच ५६ अंशांच्या आसपास बघत असतो. त्यामुळे दारांवर फिल्टर अगदी मनापासून काम करतो. एका गडद निळ्या सेदानच्या दारावर समोरच्या पत्र्याच्या शेडची पांढरी पट्टी होती. रिंग फिरवत गेले तशी ती पट्टी विरघळत गेली आणि खालून शाईसारखा निळा वर आला. भाऊ स्क्रीनवर बघत होता. म्हणाला, "ताई, आते गाडीना खरा रंग दिखना."

बॉनेटचं मात्र वेगळं आहे. हेडलाइटच्या उंचीवरून फोटो रुबाबदार येतो, पण तिथून बॉनेटकडे नजर फार चपटी जाते, आणि तेवढ्या चपट्या कोनात फिल्टरचा उपयोग थोडा. कॅमेरा वर न्यावा लागतो. मी प्लास्टिकचं मजबूत स्टूल घेऊन जाते आणि डी५६०० चा वळणारा स्क्रीन खाली झुकवून, कॅमेरा डोक्यावर धरून किंवा ट्रायपॉड पूर्ण उंच करून फोटो घेते. एसयूव्हीला तर त्याहूनही उंची लागते. धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्याची पार्श्वभूमी हवी असेल तर ही उंची उलट फायद्याची ठरते, कारण मागचा डोंगर गाडीच्या टपावर मोकळा बसतो. लेन्स ७०-८० मिलिमीटरच्या पुढे नेली की किल्ला जवळही येतो.

आता खरी अडचण. दार उभं आहे, बॉनेट आडवं आहे. दारावरच्या चमकेची कंपनं उभी, बॉनेटवरच्या चमकेची आडवी. म्हणजे रिंग जिथे फिरवल्यावर बॉनेट साफ होतं, तिथेच दारावरची चमक सगळी तशीच राहते, आणि दार साफ केलं की बॉनेट आणि पुढची काच पांढरी होते. एका फोटोत दोन्ही जमत नाही. फिल्टर कितीही महाग असो, हा प्रकाशाचाच स्वभाव आहे.

यावर मी दोन फोटोंची पद्धत वापरते. ट्रायपॉड पक्का, कॅमेरा मॅन्युअलवर, व्हाइट बॅलन्सही ठरवून ठेवलेला. पहिला फोटो दारासाठी फिरवून, दुसरा बॉनेटसाठी फिरवून. फिल्टर दोन्ही वेळा लेन्सवरच असतो, त्यामुळे एक्स्पोजर बदलावं लागत नाही. मध्ये जास्त वेळ जाऊ द्यायचा नाही, कारण ढग सरकला की दोन फोटोंचा उजेड वेगळा पडतो आणि जोड कळतो. फोटो रॉमध्येच हवेत, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये. मग डार्कटेबल या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या फोटोवर काम करायचं आणि त्याची हिस्टरी, म्हणजे केलेल्या बदलांची यादी, जशीच्या तशी दुसऱ्यावर चिकटवायची, म्हणजे रंगात तफावत राहत नाही. दोन्ही १६ बिट टिफ फाइल करून गिंप या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक लेयर टाकायचे, बॉनेटचा फोटो वर. वरच्या लेयरला काळा मास्क द्यायचा, म्हणजे तो पूर्ण झाकला जातो, आणि पांढऱ्या ब्रशने फक्त बॉनेट आणि पुढची काच उघडी करायची. बॉनेट आणि मडगार्ड जिथे मिळतात तिथे पत्र्याची फट असते. ब्रशची कड त्या फटीवर आणून सोडली की जोड शोधूनही सापडत नाही. पुढच्या खांबाजवळ, जिथे काच, पत्रा आणि आरसा एकत्र येतात, तिथे ब्रश बारीक करून शांतपणे बसावं लागतं. डार्कटेबल आणि गिंप दोन्ही फुकट आहेत, मुक्त आहेत, आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. तेव्हा खर्च फक्त काचेचा.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते: चमक पूर्ण मारू नका. गाडीचा आकार चमकेनेच कळतो. दारावरून धावणारी उजेडाची रेघ काढून टाकली तर पत्रा कागदासारखा सपाट दिसतो. मी रिंग पूर्ण परिणामापर्यंत नेते आणि तिथून थोडी मागे घेते. शेडची पट्टी गेली पाहिजे, पण कंबरेची रेघ राहिली पाहिजे.

आणि विक्रीसाठी फोटो काढत असाल तर आणखी एक. पत्र्यावरचा खळगा आपल्याला दिसतो तो प्रतिबिंब वाकडं झाल्यामुळे. प्रतिबिंब घालवलं की खळगाही दिसेनासा होतो, आणि रंगावरचे बारीक गोल ओरखडेसुद्धा. म्हणून भावाच्या प्रत्येक गाडीचा दोन्ही बाजूंनी एकेक फोटो मी फिल्टर काढून घेते आणि तोही जाहिरातीत टाकायला लावते. धरणगावहून किंवा शिरपूरहून माणूस भाडं खर्चून गाडी बघायला येतो. त्याला तिथे आल्यावर खळगा दिसावा, हे मला पटत नाही. भावालाही पटलं, कारण आलेलं गिऱ्हाईक मग कुरकुर करत नाही.

मागच्या आणि बाजूच्या काचांचं एक वेगळंच प्रकरण आहे. त्या टफन्ड असतात. बनवताना तापवून झटकन गार करतात, त्यामुळे आत ताण साठलेला असतो. पोलरायझरमधून, विशेषतः निळ्या आभाळाखाली, त्या ताणाचे ठिपके-ठिपके दिसतात. पुढची काच दोन थरांची, लॅमिनेटेड असते, तिच्यात असे ठिपके सहसा दिसत नाहीत. मला वर्गात दाखवायला ते ठिपके फार उपयोगी पडतात, पण गाडीच्या फोटोत ते नको असतात. अशा वेळी रिंग थोडी फिरवायची, किंवा मागची काच दिसणार नाही असा कोन घ्यायचा. नंतर सॉफ्टवेअरमध्ये ते पुसणं अतिशय किचकट आहे.

आता डोंगराकडे. माझ्या मते खानदेशासारखी जागा या फिल्टरला दुसरीकडे क्वचितच मिळेल, आणि त्याचं कारण नकाशात आहे. आभाळातला प्रकाशही ध्रुवीभूत, म्हणजे बराचसा एकाच दिशेत कंप पावणारा असतो, आणि सूर्यापासून ९० अंशांवर तो सर्वांत जास्त असतो. तापी आपल्याकडे पूर्वेकडून पश्चिमेला वाहते आणि सातपुडा तिच्या उत्तरेला भिंतीसारखा उभा आहे. फैजपूर, यावल, चोपडा, कुठल्याही शेतात सकाळी उभं राहा. सूर्य उजव्या हाताला, सातपुडा समोर. संध्याकाळी सूर्य डाव्या हाताला, सातपुडा समोरच. सप्टेंबरच्या अखेरीला तर सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो आणि डोंगरावरचं आभाळ बरोबर ९० अंशांवर येतं. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे सर्वांत गडद पट्टा सकाळी थोडा ईशान्येकडे आणि संध्याकाळी थोडा वायव्येकडे सरकतो. दिशा शोधायला हातच पुरे: तर्जनी सूर्याकडे धरायची, अंगठा काटकोनात ताणायचा आणि मनगट फिरवायचं. अंगठा जिकडे जिकडे जाईल, तिकडे फिल्टर काम करणार.

पावसाने हवा धुऊन निघाल्यावर, ऑक्टोबरच्या सकाळी, केळीच्या बागेच्या कडेला उभं राहून घेतलेला फोटो हा या फिल्टरचा सर्वांत मोठा पुरावा आहे. केळीच्या पानाला मेणासारखी झिलई असते. उघड्या लेन्समधून अर्धी बाग पांढरट दिसते, जणू पानांवर चुना उडालाय. रिंग फिरवली की तो चुना जातो आणि पानाचा पोपटी, शिरांच्या बाजूचा गडद हिरवा, फाटलेल्या कडांचा पिवळा, सगळं वेगळं वेगळं दिसू लागतं. मागे सातपुड्याच्या रांगा एकीमागून एक सुट्या होतात. कपाशीवर इतका फरक पडत नाही, कारण तिच्या पानाला तेवढी झिलई नसते.

मी मुद्दाम तीच चौकट फिल्टरशिवाय घेऊन डार्कटेबलमधल्या हेझ रिमूव्हलने, म्हणजे धूसरपणा काढायच्या सोयीने, साफ करून पाहिली. डोंगर पुढे आला, हे खरं. पण आभाळात दाणे उठले, आणि केळीच्या पानांवरची पांढरी झाक जिथल्या तिथे राहिली. सॉफ्टवेअर आहे त्या उजेडाला ताणतं. नको असलेला उजेड आत येण्याआधीच अडवणं त्याला जमणार नाही. माझी पद्धत आता अशी आहे: फिल्टर लावून फोटो घ्यायचा, हेझ रिमूव्हल अगदी थोडं, मग टोन इक्वलायझरने डोंगराच्या सावल्या जरा उघडायच्या. निळा रंग वाढवायचा नाही, तो आधीच पुरेसा असतो. बहुतेक फोटोंत उलट थोडा कमी करावा लागतो.

मे महिन्यात मात्र त्याच शेतातून अपेक्षा ठेवू नका. पारा ४५ च्या आसपास, हवेत धूळ, आभाळ पांढरं. निळ्या आभाळाचा ध्रुवीभूत प्रकाश हवेच्या रेणूंमुळे येतो. धुळीचे कण मोठे असतात, ते तो विस्कटून टाकतात. फिल्टर फिरवत राहा, आभाळ जसंच्या तसं. हिवाळ्यातल्या दाट धुक्यालाही हेच लागू.

१८ मिलिमीटरवर आभाळ मोठं घेतलंत तर एका बाजूला गडद डाग पडतो, कारण एवढ्या रुंद चौकटीत ९० अंशांचा पट्टा आणि त्याबाहेरचं आभाळ दोन्ही येतं. मी ३५ च्या पुढे जाते किंवा आभाळ कमी घेते. जोडून पॅनोरमा करायचा असेल तर फिल्टर काढूनच ठेवते. इंद्रधनुष्य दिसलं तरी रिंग जपून फिरवा. त्याचा प्रकाशही ध्रुवीभूत असतो आणि चुकीच्या जागी फिरवलेली रिंग ते चक्क पुसून टाकते.

पाटणादेवीला पावसाळ्यात आभाळ भरलेलं होतं, निळं काहीच नव्हतं, तरी फिल्टरने सोनं केलं. ओल्या काळ्या खडकावरची चमक गेली आणि दगडाचा पोत, शेवाळाचा हिरवा रंग दिसला. शिवाय हा फिल्टर दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). धबधब्याला ते हवंच असतं, कारण शटर संथ ठेवता येतो आणि पाणी रेशमासारखं उतरतं. तोरणमाळला यशवंत तलावावर मात्र हात आवरावा लागतो. चमक पूर्ण घालवली तर पाण्यातलं डोंगराचं प्रतिबिंबही जातं आणि मातकट तळ दिसतो. तिथे मी रिंग अशी ठेवते की काठाजवळचं पाणी पारदर्शक आणि पलीकडचं आरशासारखं राहतं. हे काम डोळ्यांनी बघत बघतच करावं लागतं, त्याचं माप नाही.

उजेड खाण्याचा दुसरा फायदा धावत्या गाड्यांना. भर उन्हात १/६० शटर मिळायला मुश्कील असतं; फिल्टरने ते सहज मिळतं. रस्त्यापासून चांगलं लांब, सुरक्षित जागी उभं राहून गाडीबरोबर कॅमेरा वळवला की मागचं सगळं रेघांमध्ये बदलतं आणि गाडी तिरकी दिसत असली तर काचेवरची चमक जाऊन आतला ड्रायव्हरही दिसतो. संध्याकाळी उजेड उतरला की मात्र हाच गुण अडचण होतो. सूर्य बुडाल्यानंतरच्या गाडीच्या फोटोंना मी फिल्टर काढते. तेव्हा आभाळच एक मोठा मऊ दिवा असतं आणि त्याचं प्रतिबिंब हवंच असतं.

विकत घ्यायचं झालं तर मी मुंबईला बोरा बाजारात जाऊन, हातात घेऊन बघून घेतला, चार हजारांच्या आत मिळाला. काहीशे रुपयांतही असे फिल्टर मिळतात. एका मैत्रिणीचा लावून पाहिला, तर पांढऱ्या भिंतीवर हिरवट-पिवळी छटा येत होती. दुकानात दोन गोष्टी तपासा. फिल्टर पांढऱ्या कागदासमोर धरा, कागद राखाडी दिसला पाहिजे, रंगीत नाही. मग फिल्टरची पुढची बाजू लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनकडे करून मागून बघा आणि फिरवा. एका जागी स्क्रीन जवळजवळ काळा झाला पाहिजे. उलटा धरलात तर काळा होणार नाही, कारण सर्क्युलर फिल्टरच्या मागच्या बाजूला आणखी एक थर असतो, जो प्रकाशाची कंपनं वर्तुळाकार करतो. डीएसएलआरच्या ऑटोफोकसला आणि मीटरिंगला, म्हणजे उजेड मोजण्याला, तो थर लागतो. आतली रिंग जड फिरली किंवा सैल डुगडुगली तर तो फिल्टर परत द्या. पातळ रिंगला पुढेही आटे आहेत का, हे बघून घ्या, नाहीतर लेन्सचं झाकण बसत नाही.

लेन्सही बघा. माझ्या १८-१४० चा पुढचा भाग फोकस करताना फिरत नाही, म्हणून रिंग एकदा लावली की जागेवर राहते. काही जुन्या १८-५५ लेन्सचा पुढचा भाग फिरतो. तिथे आधी फोकस करायचा, मग रिंग. मोठ्या लेन्सच्या मापाचा फिल्टर घेतला तर लहान लेन्सला स्टेप-अप रिंग लावून तोच चालतो. माझा ३५ मिलिमीटरच्या ५२ च्या आट्यांवर असाच बसतो. हूड, म्हणजे लेन्सवर सावली धरणारी कड, लावल्यावर रिंगपर्यंत बोट पोचत नाही, म्हणून गाड्यांच्या कामाला मी हूड वापरत नाही, हाताची सावली धरते.

उष्णतेने आणि उन्हाने आतली पोलरायझिंग फिल्म खराब होते, तेव्हा एप्रिल-मे मध्ये उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तो ठेवू नका. माझा कापडी पिशवीत, डबीत, घरातल्या कपाटात असतो. धूळ आधी फुंकणीने उडवायची, मगच कापड लावायचं, कारण आपल्या काळ्या मातीत बारीक खडा असतोच. फक्त लोकांचे, घरगुती कार्यक्रमांचे फोटो काढत असाल तर हे पैसे दुसरीकडे वापरा. शेत, डोंगर, पाणी किंवा गाड्या काढत असाल, तर पाऊस उघडायच्या आत घेऊन ठेवा; सातपुडा स्वच्छ दिसतो ते थोडेच आठवडे, आणि रिंगेवर हात बसायला आधी थोडा सराव लागतो.